एका नावाच्या दोघी

मला येणाऱ्या फोनपैकी निम्मे माझ्यासाठी नसतात. पलीकडचा माणूस नमस्कार करतो, 'ताई, तुमचं कालचं रडणं बघून आमच्या मिसेस जेवल्या नाहीत' असं म्हणतो, आणि मी तव्यावरची पोळी उलटता उलटता सांगते की रडणाऱ्या ताई वेगळ्या, मी वेगळी. मग तो गप्प होतो. त्या गप्प होण्यात थोडी निराशा असते आणि बराचसा राग, जणू मी कोणाचं तरी नाव चोरून घरात ठेवलंय. एकदा तर मुलुंडच्या एका महिला मंडळाने हळदीकुंकवाला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. मी नटूनथटून गेले. दारात रांगोळी, फळ्यावर रंगीत खडूने माझं नाव आणि नावाखाली फोटो तिचा. अध्यक्षबाईंनी एकदा फोटोकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि विचारलं, मॅडम मागून येतायत का? मी तशी तापट आहे. तिथूनच परत फिरणार होते, पण आतून बटाटेवड्यांचा वास येत होता. शेवटी मी वडे खाल्ले, बायकांना चार-पाच आवाज काढून दाखवले, सगळ्या खूश झाल्या. वाण म्हणून मिळालेली चाळणी अजून वापरते.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तर आणखी फोन येतील. एवढंच सांगते की नाव तेच आणि आडनावही तेच. आडनाव कोकणातलं, एका चाळीत चार घरं निघावीत असलं. मधलं नाव वेगळं आहे, पण पडद्यावर मधलं नाव कोण लिहितो? ती नाटकांतून मालिकांत गेलेली नटी, सध्या सगळ्या महाराष्ट्राची आजी. मी आवाजाची कलाकार. अंधेरीतल्या डबिंग स्टुडिओंत माझी वर्षं गेली. परभाषेतला सिनेमा मराठीत आला की त्यातली नर्स, भांडखोर शेजारीण, एखादी चेटकीण आणि लहान मुलांच्या कार्टूनमधली बडबडी खार, ही सगळी मी असते. माझं नाव कुठेच येत नाही. माझ्या सख्ख्या आईला ती खार तिच्या नातवंडांसोबत महिनाभर बघूनही ओळखू आली नव्हती. धंद्यातल्या लोकांनी आम्हा दोघींना आपापल्या फोनमध्ये वेगळं करून ठेवलंय. नावापुढे तिला 'आजी' लावतात आणि मला 'व्हॉइस'. तरी घाईत बोट घसरतंच.

गंमत अशी की हे नाव मुळात माझं नव्हतं. आईवडिलांनी दिलेलं नाव दुसरं होतं, छोटं, मला आवडणारं. आमच्यात सासरी गेल्यावर नाव बदलायची रीत होती. माझ्या मैत्रिणींपैकी काहींनी ती मोडीत काढली होती, मीही काढेन अशी माझी समजूत होती. पण लग्नात ताटात तांदूळ पसरले गेले, नवऱ्याने अंगठीने त्यात काहीतरी लिहिलं, मी वाकून बघते तर ताटात भलतीच बाई. त्याला नंतर खोलीत गाठून विचारलं, तर म्हणाला, आईने सांगितलं ते लिहिलं. एवढा सरळ नवरा मिळाला की भांडायचीही सोय राहत नाही. मग मी सासूबाईंवर राग काढला. त्या नव्या नावाने हाक मारली की मला ऐकूच यायचं नाही. त्या फक्त आणखी मोठ्याने हाक मारू लागल्या, इतक्या मोठ्याने की खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन मला सांगायची, अगं तुला बोलावतायत.

सासूबाई मालवणच्या बाजूच्या. सासरे गिरणीत होते. गिरणगावातली खोली विकून दिंडोशीच्या वसाहतीत घर घेतलं त्याला आता जमाना झाला, पण त्यांच्या बोलण्यातली मालवणी तसूभर हलली नाही. सासऱ्यांना नाटकाचं वेड. गिरणीतल्या कामगारांचं मंडळ होतं, त्यात हे कधी खलनायक, कधी नायिकेचा बाप. तेव्हा अशा मंडळांत सगळे बाप्ये असायचे आणि नायिकेसाठी बाहेरून बाई आणायची पद्धत होती. त्या बाईला बरीच नाटकं तोंडपाठ असत. ती यायची, एक-दोन तालमी करायची, प्रयोगाला उभी राहायची, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मंडळाची नायिका व्हायची. आजची ही महाराष्ट्राची आजी म्हणजे तेव्हाची अशीच एक मुलगी. सासूबाई गावाहून नुकत्याच आलेल्या, विंगेत सगळ्यांना चहा द्यायला बसायच्या. एका प्रयोगात नायिकेला शालू लागत होता, तोही त्यांनी स्वतःच्या लग्नातला काढून दिला होता.

हे सगळं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, बहुतेक कोळंबी सोलताना. कोळंबी सोलायला बसलं की सासूबाईंची जीभ सैल सुटते. असंच एकदा मी त्यांना तिरकसपणे विचारलं, की आई, तुमच्या नवऱ्याबरोबर नाटकात काम करणारी बाई, तिचं नाव तुम्ही सुनेला दिलंत, तुमच्या जागी दुसरी कोणी असती तर ते नाव तोंडातून काढलं नसतं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, मुंबईत आल्यावर त्यांना वाण्याकडे मीठ मागायचीही लाज वाटायची, पुड्याकडे बोट दाखवून काम भागवायच्या. आणि त्या शालूच्या प्रयोगात माइक बंद पडला. मागून लोक ओरडायला लागले. ही पोरगी पुढे आली आणि नुसत्या आवाजावर तिने सगळं सभागृह शांत केलं.

"एवढ्या बाप्यांच्या म्होरं बायलमाणूस बोलता, आनि सगळे गप ऱ्हवान ऐकतत," सासूबाई म्हणाल्या. "तेव्हाच ठरवलंय, माका चेडू झाला तर ह्याच नाव. चेडू झाला नाय. मगे तू इलंस."

चेडू म्हणजे मुलगी. त्यानंतर माझा राग गेला असं मी म्हणणार नाही, मी काही एवढी गुणी नाही. पण हाकेला ओ द्यायला लागले. आणि पुढे मुलगा शाळेत जायला लागल्यावर मी एका ओळखीच्या बाईंबरोबर स्टुडिओत गेले, गर्दीच्या आवाजांत ओरडायचं काम मिळालं, तेव्हा रजिस्टरवर सही करताना हेच नाव टाकलं. त्याच दिवसापासून फोनचा घोळ सुरू झाला.

आता खरी गोष्ट. काही महिन्यांपूर्वी एका को-ऑर्डिनेटरचा फोन आला. मी सवयीने म्हटलं, आजींचा नंबर वेगळा आहे. तो म्हणाला, नाही ताई, तुमच्याशीच काम आहे, पण कोणाला बोलू नका. आजीच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. जीव वाचला होता, आवाज मात्र उरला नव्हता. जे काही यायचं ते घोगरं, कुजबुजल्यासारखं, आणि डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे ते तसंच राहणार होतं. मालिका तिच्यावर उभी. म्हणून असं ठरलं होतं की ती सेटवर नेहमीसारखं काम करील, ओठ हलवील, आणि आवाज नंतर स्टुडिओत मी देईन. बाहेर कळता कामा नये. एकदा बातमी झाली की प्रेक्षक गोष्ट सोडून गळ्याकडे बघत बसतात, आणि मग चॅनलवाले दुसरी आजी शोधतात.

मला आभाळ ठेंगणं झालं. गेली कित्येक वर्षं मी खारी आणि चेटकिणी बोलत होते, आणि आज कोणाच्या तरी कानाला माझा आवाज त्या आवाजाच्या तोलाचा वाटला होता. लाडात येऊन मी त्याला विचारलं, माझा आवाज तुम्हाला त्यांच्यासारखा वाटतो का?

"आवाजाचं बघू ओ ताई नंतर," तो म्हणाला. "नाव तेच आहे ना. कॉलशीटवर, गेटवर, बिलावर कुठेच नवीन नाव दिसणार नाही. कोणाला डाउटच नाय येणार. एकदम झकास."

म्हणजे माझी निवड नावावर झाली होती. आणि तेही सासूबाईंनी दिलेल्या. मला एवढा संताप आला की मी फोन आपटला, आणि पाच मिनिटांनी परत उचलून हो म्हणाले.

पहिल्या दिवशी ती स्वतः आली. येण्याची काही गरज नव्हती. किडकिडीत, ताठ, कडक इस्त्रीची सुती साडी आणि गळ्याला रेशमी रुमाल. बाहेर तिच्यासाठी सोफा रिकामा केला होता, पण ती सरळ आत आली आणि माझ्या बाजूला स्टूल ओढून बसली. समोर पडद्यावर तिचा चेहरा, बाजूला ती, आणि मध्ये मी, हेडफोन लावून, घाम पुसत. मी घरी भरपूर तयारी केली होती. तिचे जुने भाग लावून तिचे चढउतार, तिची लकब, सगळं गिरवून आले होते. दोन वाक्यं झाली आणि तिने माझ्या मनगटावर बोटं आपटली. मी थांबले. ती कानाशी आली. वाळलेली पानं चुरडावीत तसा आवाज होता.

"ही मी नाही," ती म्हणाली. "ही माझी नक्कल आहे. गॅदरिंगला ठीक आहे."

मी पुन्हा केलं. पुन्हा बोटं आपटली. असं तासभर चाललं. शेवटी माझं डोकं फिरलं आणि मी म्हटलं, ताई, तुम्ही मला बोलूच देणार नसाल तर मी घरी जाते, मासे घ्यायचे आहेत. ती पहिल्यांदा हसली. खूण करून रेकॉर्डिंग चालू करायला सांगितलं आणि मला म्हणाली, आत्ता जशी चिडलीस, तशीच नातवावर चीड. मी चिडले. काचेपलीकडच्या साउंडवाल्याने मान वर केली. ते वाक्य पहिल्या झटक्यात पास झालं.

त्या दिवसापासून आमचं जमलं. जमलं म्हणजे रोज भांडण व्हायचं. ती नाव घेऊन मला हाक मारायची नाही, स्वतःचंच नाव स्वतः कसं पुकारायचं म्हणायची. मला ती 'आवाज' म्हणायची. दारातून आत येताना विचारायची, आवाज आला का? जेवताना आपल्या डब्यातलं मला वाढायची आणि माझ्या डब्यातली सुकट संपवायची. बोरिवलीला एकटी राहत होती. लग्न केलं नव्हतं. घरात बोलायला कोणी नाही म्हणून सेटवर जाऊन बोलते, असं ती मला एकदा सहज म्हणाली. आता तेही नव्हतं.

मी तिला सासूबाईंची गोष्ट सांगितली. माइक बंद पडलेला प्रयोग, शालू, ताटातले तांदूळ, सगळं. मला वाटलं ती गहिवरेल. ती विचार करून म्हणाली, मंडळं इतकी, वहिन्या इतक्या, शालू तर विचारूच नको, कोणाकोणाचं लक्षात ठेवू? मला सासूबाईंच्या वतीने राग आला. पण थोड्या वेळाने तिने स्वतःच विचारलं, की तुझी सासू अजून ऐकते का माझी मालिका. म्हटलं, रोज. डोळ्यांनी फारसं दिसत नाही, पण टीव्हीकडे कान लावून बसतात.

"मग तीच परीक्षा," ती म्हणाली. "तिला कळलं नाही तर कोणालाच कळणार नाही. आणि कळलं तर मी संपले. मुकी आजी कोणाला हवी?"

माझ्या आवाजातला पहिला भाग लागायच्या संध्याकाळी माझं कशात लक्ष नव्हतं. सासूबाई पलंगावर पाय दुमडून मेथी निवडत बसल्या होत्या. समोरच्या घरातली शेजारीण तिच्या ठरलेल्या खुर्चीत. तिच्या घरी आमच्यापेक्षा मोठा टीव्ही आहे, पण मालिका बघायला ती आमच्याकडेच येते, तिला ऐकायला कोणीतरी लागतं. मी स्वयंपाकघराच्या दारात लसूण सोलत उभी. मालिकेत आजी नातवाला झापते असा मोठा प्रसंग होता. तिचे ओठ उघडले आणि त्यातून मी बाहेर आले. स्वतःचा आवाज दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं हे माझं रोजचं काम, पण त्या दिवशी मी सोललेला लसूण सालांत टाकला. सासूबाईंचे हात मेथीच्या जुडीवर जरासे थांबले आणि पुन्हा चालू झाले.

शेजारीण म्हणाली, आजींचा आवाज आज जरा वेगळा नाही वाटत?

"सर्दी झाली आसतली," सासूबाई म्हणाल्या. "आवाज तोच." आणि मला म्हणाल्या, पाणी दी गो वाईच.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत मी हे जसंच्या तसं सांगितलं. तिने सगळ्यांना चहा आणि मस्कापाव मागवला. साउंडवाल्याच्या पाठीवर थाप मारली. मग पाव चहात बुडवून ती बराच वेळ तशीच बसली, पाव मऊ होऊन कपात पडला. काहीच म्हणाली नाही ती? असं तिने मला विचारलं. म्हटलं, म्हणाल्या ना, आवाज तोच. तोच म्हणाली? हो. नक्की तोच? मी आनंदाने पुन्हा पुन्हा हो म्हणत राहिले.

त्यानंतर तिचं काहीतरी बिनसलं. ती उशिरा यायला लागली. आली तरी बाहेर सोफ्यावर बसायची, बूथमध्ये नाही. मी मुद्दाम एखादं वाक्य वाईट बोलून बघायचे, तरी मनगटावर कोणी बोटं आपटायचं नाही. वाक्यं भराभर पास होत होती आणि मला त्यात काही गोडी वाटत नव्हती. मग एक दिवस काम आटोपल्यावर तिने मला बाहेर जिन्यात थांबवलं आणि सांगितलं, की चॅनलशी बोलतेय, या महिन्यात आजीला मारून टाका म्हणून. मालिकेतली माणसं अशीच बोलतात, एरवी ऐकणाऱ्याच्या काळजात धस्स होईल.

मी चक्रावले. म्हटलं, अहो पण आता कसली भीती? कोणाला म्हणजे कोणाला कळलं नाही.

"तेच तर," ती म्हणाली. घशाला त्रास होत होता, तरी थांबत थांबत बोलली. "जन्मभर एक आवाज कमावला. तो गेला आणि कोणाला कळलंसुद्धा नाही. जिने सुनेला माझं नाव ठेवलं, तिलाही नाही. मग होता कशाला तो?"

मी तिच्यावर ओरडले, की असला विचार करायला तुम्हाला वेळ बरा मिळतो, की माझंही काम जाईल, की बोरिवलीचं रिकामं घर तुमच्या अंगावर येईल. ती जिना उतरून गेली. मला तिचं फार वाईट वाटत होतं. तिची सवय झाली होती, खरं सांगायचं तर माया जडली होती. माझा राग हा असा बिनकामाचा, जिथे रडायला हवं तिथे मी भांडते.

घरी येऊन भांडी आपटली. सासूबाईंनी दोनदा विचारलं, काय झालं. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी सगळं सांगून टाकलं. ऑपरेशन, स्टुडिओ, माझा आवाज, सगळं. गुपित फोडू नको म्हटलेलं असतानाही फोडलं, कारण कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला जेवण गेलं नसतं. त्या ऐकत राहिल्या. आश्चर्य नाही, काही नाही.

"माका ठावक आसा," त्या म्हणाल्या.

कधीपासून? पहिल्या दिवसापासून. मग बोलला का नाहीत, असं मी जवळजवळ किंचाळले.

"ती शेजारीण बसलेली. सकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगीत झाला आसता. तिना झाकून ठेवल्यान, मगे आपण कित्याक उघडा करूचा?" मग त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "आनि तुझो आवाज माका कळूचो नाय? रागावलंस की तू अशीच बोलतंस. इतकी वर्सा माझ्यावरच तर रागावतंस."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. खारीला कोणी ओळखलं नव्हतं, चेटकिणीला नाही, नर्सला नाही. मला वाटायचं मला त्याचं काही नाही. होतं, भरपूर होतं, ते त्या संध्याकाळी कळलं. डोळ्यांना पदर लावायला लाज वाटली म्हणून मी कांदा चिरायला घेतला, गरज नसताना.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना रिक्षात घातलं आणि हायवेने बोरिवलीला निघालो. जायचं ठरल्यावर त्यांनी दोन साड्या नेसून बघितल्या आणि पहिलीच पुन्हा नेसल्या. सोबत कुळथाच्या पातळ पिठीचा डबा. घसा शेकतो म्हणून त्यांनी ती सकाळी स्वतः, चाचपडत, केली होती, मला हात लावू दिला नाही. वाटेत एकच विचारलं, की ती रागावेल का. म्हटलं रागावेल. त्या म्हणाल्या, रागावंदे.

तिने दार उघडलं तेव्हा तिचा चेहरा पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला होता. या, बसा, वहिनी कशा आहात. मालिकेची एक चाहती भेटायला आली आहे, कौतुक करील, सही मागेल, असंच तिला वाटलं असणार. सासूबाईंनी मात्र तो घोगरा आवाज प्रत्यक्ष पहिल्यांदाच ऐकला. त्यांचा चेहरा एकदम पडला. त्या सोफ्याच्या टोकावरून उठल्या, तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि अंदाजाने तिचा हात शोधून धरला.

"बाय," त्या म्हणाल्या, "टीव्हीत बोलता ता तुमी न्हय."

ती माझ्याकडे वळली. त्या नजरेने मी जळून जायला हवी होती. हिने सांगितलं? तिने विचारलं.

"हिना काल सांगितल्यान. माका पयल्याच वाक्याक कळला. माजे डोळे गेलेत, कान नाय."

"पण तुम्ही तर म्हणालात, आवाज तोच."

"ता शेजारणीक सांगितलंय."

तिचा हात सासूबाईंच्या हातात तसाच. मग तिने विचारलं, कसं कळलं. आणि सासूबाईंनी सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्ही 'नाही' म्हणायच्या आधी थांबता. त्यांनी बोटांच्या चिमटीने दाखवलं, एवढंसं, हळदीच्या चिमटीएवढं. माइक बंद पडला त्या दिवशी नाटकातल्या बापाला 'नाही' म्हणताना तुम्ही थांबला होता, तेव्हा विंगेत माझ्या हातातली किटली हलायची थांबली. ही आमची थांबत नाही. ही धाडकन 'नाही' म्हणते.

मी तिथे उभी होते, मला कोणी बस म्हटलं नव्हतं. तिने सासूबाईंचा हात घट्ट धरला.

"परत सांगा, वहिनी," ती म्हणाली. "कधी कळलं?"

"पयल्याच वाक्याक."

"लगेच?"

"लगेच. मेथी निवडत होतंय, हातातली तशीच ऱ्हवली."

तिने आणखी एकदा विचारलं आणि सासूबाईंनी आणखी एकदा सांगितलं, न कंटाळता, तेच शब्द, त्याच क्रमाने. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि घशातून घरघर बाहेर पडत होती, ती हसते आहे हे मला जरा वेळाने कळलं. आपलं बिंग फुटलं म्हणून एवढा आनंद झालेली बाई मी दुसरी पाहिली नाही. सासूबाईंनी पिठी वाटीत ओतून तिच्या पुढ्यात सरकवली. तिने दोन घोट घेतले, गळ्याचा रुमाल सोडून बाजूला ठेवला, आणि मग तिला माझी आठवण झाली.

"ऐकलंस ना?" ती मला म्हणाली. "उद्या लवकर ये. 'नाही'च्या आधी थांबायला शिकवते तुला."